मंगळाची अमावास्या

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. जुन्या जालन्यात आमच्या घरामागेच कापसाची जिनिंग होती आणि घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ. त्यात गाण्यांच्या मधेमधे टकटक ऐकू यायची. मंगळावर माणसं असावीत, असं आमच्या ह्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. झालं! शाळेत शिकवून आले की हे खडू घेऊन बसायचे, शहाबादी फरशीवर त्या ठोक्यांच्या रेघा ओढायचे आणि अर्थ लावत राहायचे. मला झाडूसुद्धा मारू देत नसत. भाकरी गार व्हायची. राग तर यायचाच, पण त्याहून जास्त भीती वाटायची. तिकडून बोलावणं आलं असतं, तर हा माणूस खरंच निघाला असता.

एका शुक्रवारी, निजामाच्या राज्यातल्या शाळेच्या सुटीच्या दिवशी, सकाळपासून टकटक बंद. हे कासावीस झाले. "आपल्यावर रागावले की काय ते?"

तेवढ्यात मागून नारळ फोडल्याचा आवाज आला. अमावास्येला जिनिंगवाले इंजिन बंद ठेवून त्याची पूजा करायचे.

मी म्हणाले, "अहो, आज अमावास्या हाय. मंगळवाले बी पाळतात का?"

हे मागच्या भिंतीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "इंजिनाच्या ठिणग्या. एक उडली की रेडिओत एक टक. त्याच ऐकू राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि टकटकही. मी ओलं फडकं घेतलं आणि सगळा मंगळ पुसायला बसले. ह्यांनी मुकाट्याने पाय वर घेतले.