झाडाला आवतण

१९७८. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. उपकेंद्रात स्टोव्हवर सिरिंज आणि सुया उकळत होत्या आणि मी लसींचं रजिस्टर पुरं करत होते. हिंगणीपलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या त्या गावात नर्स म्हणून मला आठ वर्षं झाली होती. माझ्यासोबत बाळंतपणं करणाऱ्या गोंड सुईणआजी दारात आल्या, पण रोजच्यासारख्या बसल्या नाहीत.

"बाई, त्या कारखान्याच्या मानसाले तू काय लिहून देलं? पोस्टवाला सांगून राह्यला."

महिन्याभरापूर्वी औषधाच्या कारखान्याचा एक माणूस येऊन गेला होता. बाळंतिणीसाठी आजी कोणत्या मुळ्या वापरतात ते त्याला हवं होतं. मी ते आजींना विचारून विचारून वहीत उतरवलं होतं: झाड, जागा, किती उगाळायचं. नोंद नाही ते काम झालंच नाही, असं आमच्या खात्यात शिकवतात. वही त्याला पाठवायची हे मी एकटीनेच ठरवलं आणि त्या दिवशी सकाळी पार्सल पोस्टात देऊन आले होते.

"तुमच्यामागे सगळे विसरतील, म्हणून दिली."

"विसरतीन काऊन? माही सून शिकून राह्यली ना! मुसळीचं काय झालं, पाह्यलं नाई तुनं? ठेकेदारानं पोते भरभरून नेली. टेकडीवर बोटभर उरली नाई. आता हे बी नेतीन. मंग अडलेल्या बाईले मी काय देऊ, तुही वही उगाळून?"

मी स्टोव्ह बंद केला आणि पोस्टाकडे निघाले. टपालाची थैली चारच्या एसटीने जायची. साडेतीन वाजले होते.

पोस्ट म्हणजे टपाल सांभाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरची पुढची खोली. त्याच्या दुपारच्या झोपेबद्दल मी दोनदा तक्रार केली होती. तो खाटेवर घोरत होता आणि माझं पार्सल त्याच्या उशाशी, शिक्का न मारलेलं.

मी त्याला उठवून पार्सल परत मागितलं. "घ्या," तो डोळे चोळत म्हणाला, "आता करा अजून एक तक्रार."

मी बाहेर पायरीवर बसले. हसू येत होतं. मागून पोचलेल्या आजींच्या हातात मी पार्सल दिलं. त्यांनी ते उघडलंही नाही, काखेत धरलं.

"उद्या मुळी काढाची हाय. आज दिवस मावळताना झाडाले आवतण द्या लागते. चाल."

आठ वर्षं मी मुळी पाहिली होती, हे कधीच नाही. आजींनी झाडाच्या बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवले, कोणत्या बाईसाठी मुळी हवी ते सांगितलं, आणि सकाळी येतो म्हणाल्या. वहीत हे कुठेच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

कोणतं झाड, ते इथेही लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी आजींच्या आणि त्यांच्या सुनेच्या मागे गेले, कोणाशी न बोलता, हात रिकामे ठेवून. सुनेने बोटभर मुळी काढली. खड्डा मी बुजवला.