फुलसावंगीच्या शेततळ्यात निघालेलं बारमाही पावसाचं जंगल

वैशालीचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होते. "उद्या फुलसावंगीले येतं का? शेततळं खोदून राह्यले तिथं, अन् दगडाचं झाड निघालं म्हणे!" वैशाली माझी शाळेतली मैत्रीण, आता पुसदला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्या आवाजातच असं काही होतं, की मी घरी पिशवी टेकवली आणि नवऱ्याला जाहीर करून टाकलं, उद्या स्वयंपाक तुमच्याकडे!

कुणाला जायचं असेल तर सांगते. दारव्ह्याहून दिग्रसमार्गे पुसदला एसटी मिळते, पुढे काळीपिवळी. जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा सकाळी लवकर निघा. भाडं खिशाला झेपणारं आहे. पुसदच्या स्टँडबाहेर तर्रीपोहे हाणून घ्या, कारण पुढे हॉटेल दिसेलच असं नाही. फाल्गुनात गेलात तर उत्तम. तूर निघालेली, रानं मोकळी, नाल्याकाठी पळस पेटलेला, आणि टेकड्यांवर पानं झडलेला उघडाबोडका सागवान.

शेत सुनीताबाई आणि प्रकाशभाऊ राठोडांचं, बंजारा तांड्याला लागूनच. आम्ही पोचलो तर जेसीबी निघालेले दगड तळ्याच्या पाळीत ढकलत होता. वैशाली ढेकळांतून पळतच सुटली. "थांबा! अवो, थांबा!"

प्रकाशभाऊंनी हात वर करून मशीन थांबवलं, पण कपाळावर आठ्या. "पाहून घ्या मॅडम, पण काम नका अडवू. जुनं काही निघालं म्हणून सरकारनं वावरच घेतलं त मंग?"

"कायदा मलेही पुरता माहीत नाही, भाऊ, विचारून सांगतो," वैशाली म्हणाली. "तळं थांबवा असं मी म्हणत नाही. फक्त हे दगड गाडू नका."

"कपाशी दरसाल पाण्याबिगर वाळते. मले पाळ पाह्यजे." त्यांनी ऑपरेटरला खूण केली. मशीन पुन्हा घरघरलं. 

तेवढ्यात सुनीताबाई आमच्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आल्या. वैशालीने ते पाणी न पिता जवळच्या एका दगडावर ओतलं. धूळ वाहून गेली आणि तपकिरी दगडावर बारीक बारीक ठिपके उमटले.

"हे त शिंदीचं खोड हाय!" सुनीताबाई ओरडल्याच. "नाल्यावरची शिंदी तोडली का अशीच दिसते!"

"शिंदीच्याच कुळातलं," वैशाली आनंदाने म्हणाली. "सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं."

सुनीताबाई तडक नवऱ्याकडे गेल्या आणि त्यांच्या गोरबोलीत काहीतरी भराभर बोलल्या. मला अक्षर कळलं नाही, पण मशीन बंद झालं. प्रकाशभाऊ म्हणाले, "बरं. ही म्हणते, पाळीले मुरूमच पुरंन. दगड वर काढून ठेवतो. पाळ मुरुमाचीच करू."

मग सगळ्यात मोठं खोड उचलताना बकेटमधून निसटलं आणि खाली पडून दोन तुकडे झाले. ऑपरेटर बिचारा खाली उतरून माफी मागू लागला. वैशालीचे डोळे भरले. ती तुकड्याजवळ बसली, तिने भिंग लावलं, आणि एकदम माझा दंड धरून ओढलं. "पाह्य! हे शिंदीच्या कुळातलं नाही, तरी वलयंच नाहीत!"

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सागाचा एक तोडलेला बुंधा होता. तिने आम्हा सगळ्यांना तिथे नेलं. "साग उन्हाळ्यात वाढ थांबवते, म्हणून दरसाली एक वलय. या दगडातल्या झाडाले थांबा लागलाच नाही. बारा महिने ओल असंन. तवा आपली जमीन विषुववृत्ताच्या खाली होती. लाव्हा यायचा, निवायचा, त्यावर तळी साचायची, जंगल उगवायचं. तळ्यात पडलेल्या लाकडात गारगोटी भरत गेली. पुढं जमीन उत्तरेले सरकली, हवा बदलली, पाऊस चार महिन्यांवर आला. ते सदाहरित जंगल इथून गेलं, त्याचे नातेवाईक सह्याद्रीत उरले. इथं आला साग."

मी टेकडीकडे पाहिलं. त्या निष्पर्ण झाडांच्या जागी काळोखं, ठिबकणारं रान! अंगावर सर्रकन काटा आला. प्रकाशभाऊही कितीतरी वेळ तुटलेल्या खोडावरून हात फिरवत राहिले.

दुपारी सुनीताबाईंनी ज्वारीची भाकर, झुणका आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा वाढला. पैशाचं नाव काढू दिलं नाही. तुम्ही गेलात तर शेतमालकाला विचारूनच आत जा, आणि दगड उचलू नका. मोह मलाही झाला होता, पण रिकाम्या हातांनी परतले.

घरी आल्यावर आठवडाभर मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले. पावसाळा अर्धा सरला तेव्हा सुनीताबाईंचा फोन आला. तळं भरलं होतं. खोडं बांधावर होती, पाहुणे पाहायला येत होते. मग त्या म्हणाल्या, "मॅडमले एक विचारा. एवढं जंगल हवेनं हटवलं. आता पाऊस असा उलटापालटा होऊन राह्यला, त आमचं कसं होईन?"

मी वैशालीला विचारलं.  "तवा बदलाले लाखो वर्षं लागली," ती म्हणाली. "झाडाइले सरकाले वेळ भेटला. आता तेवढा नाही."

मी ते जसंच्या तसं सुनीताबाईंना कळवलं. 

"मंग पाळीवर आत्ताच झाडं लावतो," त्या म्हणाल्या. "कोणती लावू, तेवढं विचारून सांगा."