खुर्चीवरचे दहा

बिदरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या सासूचे दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, "हाडांमधली गादी झिजलीय, ती परत यायची नाही. मांड्यांत ताकद आणा, नाहीतर अंथरुणाला खिळाल." उपाय फुकटाचा होता. खुर्चीवर बसायचं, एक पाय समोर ताठ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, हळूच सोडायचा. दर पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

फुकटाचा म्हणजे माझ्या जिवावरचा. कळ आली की तिचे आकडे चुकायचे, म्हणून मोजायची मी. तव्यावर भाकरी, अंगणवाडीत कामाला जायची वेळ झालेली, आणि मी उंबऱ्यात उभी राहून "एक, दोन" करत असायची. घरात जागा नव्हती म्हणून खुर्ची अंगणात मांडलेली. जन्मात ती कधी खुर्चीवर टेकली नव्हती. पहिले चार दिवस कडेलाच बसली, अंग चोरून.

अंगणासमोरून शेताची वाट जायची. ज्या मालकांच्या रानात तिनं उभा जन्म उकिडवं बसून खुरपलं, ते रोज नेमके त्याच वेळी यायचे. चाहूल लागली की ही कण्हत उभी राहायची. आमच्या घरानं दीक्षा घेऊन किती वर्षं झाली होती. देव्हारा गेला, भिंतीवर बाबासाहेब आले. उठायची सवय तेवढी राहिली. सासूला मी आत्या म्हणायची.

"कामून उठायलाव आत्या?"

"मालक जायलेत न्हवं. बसून कसं ऱ्हावं गं?"

मोजणी मोडायची. पुन्हा एकपासून. मी इतकी वैतागायची, की कधीकधी पाचाचे तीनच मोजून मोकळी व्हायची. आजवर हे कुणाला सांगितलं नाही.

जोंधळा पोटरीला आला होता तेव्हाची गोष्ट. मालक अंगणासमोर थांबले. आता त्यांच्याही हातात काठी होती.

"लई दिस झाले, रानात दिसली न्हाईस?"

आत्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. आता ही उठणार, म्हणून मी मोजायचं थांबले. तिचा पाय समोर ताठ, थरथरत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"थांबलीस कामून? मोज की." मग मालकांकडे वळून म्हणाली, "बसूनच बोलते मालक. सात झालेत, तीन ऱ्हायलेत."

मालक काठीवर भार देऊन उभे राहिले. तिन्ही वेळा मी पाचाचे पुरे पाच मोजले.

आत्याचे गुडघे शेवटपर्यंत दुखतच राहिले, पण अंथरुणाला काही ती खिळली नाही. आता माझे दुखतात. त्याच खुर्चीवर बसून मी पाय ताठ करते, आणि फार थकलेली असले की अजूनही पाचाचे तीन मोजते. वाटेनं माणसं येतात, जातात. कुणासाठी उठावं, असं मनातसुद्धा येत नाही.