सावित्रम्माने मोटार बोलती केली

भवानी पेठेतल्या गुरुबसप्पाचं मनगट मोडलं ते त्याच्याच मोटारीच्या हँडलनं. एकोणीसशे अठ्ठावीसची थंडी होती. होटगी जंक्शनवर उतरलेली माणसं आसपासच्या गावांत पोचवायची, हा त्याचा धंदा. गाडी जुनी, अमेरिकन. पुढं उभं राहून हँडल मारल्याशिवाय ती सुरू होत नसे. त्या सकाळी हँडल उलटं फिरलं आणि हातावर बसलं.

गाडीचं दुखणं तसं दिवाळीपासूनचं. सकाळी सुरू होताना ती माणसाला घामाघूम करायची. हुसेनमिस्त्रीनं प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, आणि शेवटी गाडी म्हातारी झाली म्हणून सांगितलं. आता हातही फळीत बांधला गेला, तेव्हा गुरुबसप्पानं हाय खाल्ली. माढ्याचा एकजण जुन्या गाड्या मोडीत घेई. गुरुवारी ये, असा निरोप गुरुबसप्पानं त्याला धाडून दिला.

त्याची बायको सावित्रम्मा भाकऱ्या थापत होती. निरोप गेल्याचं तिला कळलं. ती अक्कलकोटकडची, बापाच्या तेलघाण्यावर वाढलेली. घाणा अडला की तिचा बाप बैलावर हात उगारत नसे. आधी लाकडाचा एकेक सांधा चाचपून बघे. भाकऱ्या झाल्यावर तिनं हात धुतले, पदर खोचला आणि नवऱ्यापुढं येऊन बसली.

"गाडी सुरू व्हायला काय काय लागतं, तेवढं मला सांगा."

"तुला काय करायचंय?"

"गुरुवारपातूर ती आपलीच हाय की."

नाइलाजानं त्यानं सांगितलं. पेट्रोल लागतं आणि ठिणगी लागते. दोन्ही वेळेवर मिळालं की इंजिन धरतं.

मग आधी पेट्रोल बघू, म्हणून ती उठली. सीटखालच्या टाकीची बारकी तोटी उघडून तिनं पितळी वाटीत थोडं पेट्रोल घेतलं. वाटी उन्हात धरून गुरुबसप्पानं पाहिलं. पाणी नव्हतं, कचरा नव्हता, धारही चांगली होती. मग दुखणं ठिणगीत, असं ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, ही उगीच विचारत नाही.

गाडीत हाकायच्या चाकासमोर एक लाकडी पेटी होती. तिच्यात चार कॉइली. वीज आली की कॉइल भुंग्यासारखी गुणगुणते आणि तिच्या प्लगला ठिणगी मिळते. गुरुबसप्पानं सावित्रम्माकडून चारही प्लग काढवून घेतले. ते काढले की हँडल उलटं मारत नाही. मग तो पेटीला कान लावून बसला, आणि ती समोर जाऊन हँडल सावकाश फिरवू लागली. चारही कॉइली पाळीपाळीनं बोलायला हव्या होत्या. दोनच बोलल्या.

कॉइलीच बिघडल्या असतील, असं तो म्हणाला. सावित्रम्मानं बोलणाऱ्या काढून मुक्यांच्या जागी घातल्या आणि मुक्या त्यांच्या जागी. पुन्हा हँडल फिरवलं. मघाच्या मुक्या आता बोलत होत्या, आणि बोलक्या गप्प झाल्या होत्या.

"कॉइली बऱ्या हायत," ती म्हणाली. "त्या दोन जागांवर वीजच येत न्हाय."

ऊन डोक्यावर आलं. शेजारणी भिंतीवरून डोकावून गेल्या. गुरुबसप्पाला लाज वाटून तो म्हणाला, आता पुरे. तिनं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, मग इतके दिवस तुमी ती सुरू तरी कशी करत होता?

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, चाकाच्या डाव्या बाजूची ठिणगीची दांडी नियमानं वर ठेवून हँडल मारायचं असतं. पण तशी ती सुरूच होईना. दांडी जरा खाली ओढली की धरायची. म्हणून तो महिनाभर तसंच करत होता. दांडी खाली असली की ठिणगी लवकर पडते, हँडल उलटं मारतं, हे त्याला ठाऊक होतं.

सावित्रम्मा उठली. तिनं दांडी खाली ओढली आणि हँडल फिरवलं. चारही कॉइली बोलल्या. दांडी वर केली, पुन्हा दोनच.

"या दांडीसंगं आत काय हलतं?"

इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी एक गोल डबी होती, दांडीबरोबर फिरणारी. चार कॉइलींना वीज वाटणाऱ्या चार तारा तिला जोडलेल्या. दांडी वर गेली की त्या ताणल्या जात. सावित्रम्मा वाकून एकेक तार चिमटीत धरून चाचपत गेली. दोन ठिकाणी बोटाला कापडी वेष्टण तेवढं मऊ लागलं, आत काहीच नाही. वेष्टण धड होतं, आतलं तांबं तुटलं होतं. ताण बसला की टोकं सुटत, सैल पडलं की भिडत.

गुरुबसप्पानं डाव्या हातानं त्या तारा धरून पाहिल्या. "म्हंजे माझा हात मोडला तो या तारांपायी," तो हळूच म्हणाला. सावित्रम्मानं मान हलवली आणि तारा सोडवायला घेतल्या.

हुसेनमिस्त्रीनं नव्या तारा स्वतः आणून दिल्या. वेष्टण धड दिसलं म्हणून आपण फसलो, असं तो मोकळेपणानं बोलला, आणि तारा थोड्या ढिल्या सोडून जोडायला लावल्या.

गुरुवारी सकाळी गार वारा सुटला होता. प्लग बसवले. दांडी पार वर. गुरुबसप्पा दहादा सांगत होता, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडल फक्त वर ओढ, दाबू नकोस. तिनं पाय रोवले आणि ओढलं. इंजिन नुसतं खोकलं. तिनं पुन्हा ओढलं, आणि अंगणभर धूर करीत गाडी सुरू झाली.

माढ्याचा माणूस आला तेव्हा ती चालूच होती. त्याला चहा पाजून परत पाठवला.

गुरुबसप्पाचं मनगट जुळलं, पण हँडल मारण्याइतकं कधी झालं नाही. तो गाडी हाकी आणि सावित्रम्मा शेजारी बसे. होटगी स्टेशनबाहेर ती काष्टा सावरून उतरे, आणि मोटारीचं हँडल मारणारी बाई बघायला हमाल हातगाड्या थांबवत. पहिले काही दिवस लोक हसले. मग उतारू विचारू लागले, अम्माची मोटार कुठाय?