जावेचे नितळ गाल

उझबेकिस्तानातल्या मर्गिलान शहरातल्या त्या घरात दोन सुना. थोरली ओयदिन, आणि धाकटी मुअत्तर, नुकतीच लग्न होऊन आलेली. धाकटीच्या गालावर पुटकुळी औषधालाही सापडायची नाही. थोरलीचे गाल पुटकुळ्यांनी भरलेले. पाहुण्या बायका यायच्या, नव्या नवरीचा बुरखा वर व्हायचा, ती तीनदा वाकून सलाम करायची आणि बायका म्हणायच्या, "काय गं बाई हे रूप!" चहा ओतणारी ओयदिन जळफळायची.

त्यात तिचा नवरा इल्हाम रशियातून परत येणार होता. धाकट्या भावाच्या लग्नाला त्याला येता आलं नव्हतं. म्हणजे नवरी आता त्याच्यापुढेही वाकणार, तोही ते तोंड बघणार, आणि मग शेजारी उभ्या बायकोचं!

ओयदिन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी मलम दिलं आणि बजावलं, "सबंध तोंडाला वाटाण्याएवढं, तेही दोन रात्री सोडून. वर साधं क्रीम. ऊन टाळ, तंदूर टाळ. आणि दिवस राहायचा विचार असेल तर आधीच बंद कर."

पण मत्सराला कुठला धीर? ओयदिनबाईंनी रोज रात्री मलम थापलं, क्रीम तसंच ठेवलं, आणि सकाळी तंदुरात डोकं घालून रोट्या लावल्या. घरचा तंदूर म्हणजे थोरलीचा मान, तो जावेला कशी देईल? आठवड्याभरात तोंड लालबुंद. सालपटं निघायला लागली, हसलं तरी आग व्हायची.

इल्हाम यायच्या दिवशी मुअत्तरनं ओयदिनच्या हातातली रोट्यांची परात ओढली. "जाऊबाई, सरका. मीही हेच लावत होते, माझंही असंच झालं होतं. चार दिवस मलम बंद ठेवा, नुसतं क्रीम लावा. आग थांबली की पुन्हा बेताबेतानं."

"म्हणजे हे रूप डबीतलं?"

"वर्ष लागलं."

ओयदिनला बरं वाटायला हवं होतं. उलट ती जास्तच चिडली. वर्षभर धीर धरणंही हिलाच जमावं?

दुपारी इल्हाम आला. मुअत्तर वाकली, बुरखा वर झाला. त्यानं रीतीप्रमाणे रेशमाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला, "सुखी राहा" म्हणाला आणि वळला.

"ओयदिन, तोंड भाजलं की काय तुझं?"

"मलम जास्त झालं," ती पुटपुटली.

"कुणासाठी एवढं?" तो हसला. मग सगळ्यांदेखत ओला रुमाल पिळून त्यानं तिच्या गालावर हलकेच ठेवला. सासूनं घसा खाकरला. अंगणातल्या खाटेवर लोळणारा धाकटा भाऊ, मुअत्तरचा नवरा, ओरडला, "मुअत्तर, चहा आण की! किती वेळ?"

मुअत्तर जागची हलली नाही. त्या रुमालाकडे बघत राहिली. ती नजर ओयदिननं लगेच ओळखली. इतके दिवस ती स्वतः मुअत्तरच्या गालांकडे तशीच बघत आली होती.