कड्यावरचा पाखराचा पाय

पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरांच्या मधे एक खोरं आहे. तिथे वरची खाण आणि खालची खाण अशा दगड फोडणाऱ्यांच्या दोन वस्त्या होत्या. पुलांची कामं संपली, ठेकेदार गेला आणि माझ्या जन्माआधीच दोन्ही रिकाम्या झाल्या. आता नुसत्या भिंती उभ्या, आत एरंड माजलेला.

पण खंडेनवमीला माणसं परत येतात. हत्यारांची पूजा कड्यापाशीच करायची आणि कड्यावर कोरलेली आपल्या घराची खूण छिन्नीने पुन्हा उजळायची. ज्या घराचं कुणी येत नाही, त्याची खूण बुजू देतात. ते घर खाणीतून उठलं, असं धरतात.

माझ्या आजोळची खूण पाखराचा पाय. तीन बोटं पुढे, एक मागे.

मी भुसावळच्या कॉन्व्हेंटमधून नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि मामाकडे आले होते. त्या उन्हाळ्यात मामाचा उजवा हात वाऱ्याने लुळा पडला होता. त्याला मूलबाळ नव्हतं. आई बाळंतपणामुळे भुसावळलाच. मामाने डाव्या हाताने छिन्नी माझ्यापुढे धरली.

"नाना, इंग्रजी शाळानी पोर ती," खालच्या खाणीचे एक म्हातारे आबा मामाला म्हणाले. "हातोडी उचली का?"

"आबा, भाची मन्ही शे. शाळानी नही."

बायका हसल्या. वर्गात उत्तर द्यायला उभं राहिलं तरी माझे कान तापायचे. इथे तर बठ्ठी, अख्खी वस्ती बघत होती. मी छिन्नी-हातोडी घेतली. ओढणी कमरेला खोचली. पहिला घाव निसटून अंगठ्यावर बसला.

"छिन्नी आडवी धर, पोरी," मामा हळूच म्हणाला.

मग जमलं. प्रत्येक घावाचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत येत होता. जुन्या रेघांतली माती निघून आतला निळसर दगड दिसायला लागला. खुणेचं मधलं बोट तेवढं लांबलं आणि वाकलं.

"वाकडा शे," आबा म्हणाले.

"उडनारं पाखरू शे, आबा," मामा म्हणाला. "सरळ कशाले उभं ऱ्हाई?"

आबाही हसले. त्यांनीच पुढे होऊन खुणेला हळद लावली, वर झेंडू ठेवला. दुखऱ्या अंगठ्याने मी ते बोट एकदा चाचपून पाहिलं.

पुढच्या नवमीला कुणी काही विचारलं नाही. आबांनी छिन्नी सरळ माझ्या हातात दिली.