चांद्यात गाणं सावकाश फिरायचं

गाण्याच्या शौकिनांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. घड्याळजीच्या कपाटात बंद घड्याळं जमतात, तसे ते आपोआप जमतात. मालक न्यायला येत नाही आणि टाकून द्यायला आपला जीव होत नाही!

हल्ली जो उठतो तो 'माझी आवडती दहा गाणी' छापतो. परवा एका शहरी विद्वानानं तर लिहिलं, की अशी यादी करायची कल्पना पहिल्यांदा त्यालाच सुचली. साफ खोटं! चंद्रपूरला सगळे चांदा म्हणत होते त्या काळात, १९५०नंतरच्या त्या वर्षांत, आमची यादी करीमचाचांच्या दुकानातल्या कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलेली होती. ती एकट्यादुकट्याची नव्हती. दर रविवारी दुपारी भांडून ठरवलेली होती.

भांडणारे चौघं. जटपुरा गेटजवळ घड्याळं दुरुस्त करणारे करीमचाचा. लाकूड डेपोतले कारकून नामदेवराव. दवाखान्यातल्या नर्स सुभद्राबाई. आणि चौथा मी, एका साप्ताहिकाचा बातमीदार. नियम एकच. यादीत गाणी दहाच. अकरावं घालायचं तर एक पुसायचं, आणि पुसायचं ते ज्याचं असेल त्याच्या तोंडावर पुसायचं!

*

ग्रामोफोन चाचांचा नव्हता. एका जंगल ठेकेदारानं दुरुस्तीला टाकला आणि तो परत आलाच नाही. आतली स्प्रिंग तुटलेली. चाचांनी जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग काढून त्यात बसवली. वेग आवरणारा स्क्रू होता, तो कानानं ऐकत ऐकत पिळला.

मी विचारलं, "चाचा, घड्याळाची स्प्रिंग बाजाला चालते का?"

चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "तुमी बातमी लिहिता त्याच शाईनं बायकोले चिठ्ठी लिहिता का नाई? चालते ना? मंग!"

*

नामदेवरावांचं गाणं यादीत चौथं होतं. विरहाचं. त्यांना ते इतकं आवडलं, की डेपोतल्या मजुरांना त्याची चाल शिकवली. मजूर सागाचे ओंडके त्या चालीवर उचलायचे. एक कडवं, एक ओंडका!

वरचे साहेब तपासणीला आले. अर्धा तास उभे राहिले आणि भडकले. "नामदेवराव, हे लोक इतके हळू का?"

"साहेब, गाणंच तसं हाय."

"मग गाणं बदला!"

नामदेवराव नोकरीत कधी कुणाला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "साहेब, बदली माही करा. गाणं राहू द्या."

*

सुभद्राबाईंच्या दवाखान्यात एटापल्लीकडची एक गोंड बाई बाळंतपणाला आली होती. पोराला मांडीवर घेऊन ती रेला गायची. त्यांच्या नाचातलं ते गाणं सुभद्राबाईंनी ऐकून ऐकून पाठ केलं आणि रविवारी येऊन म्हणाल्या, "हे यादीत घाला."

नामदेवराव म्हणाले, "बाई, रेकॉर्ड कुठी हाय याची?"

"नाई ना. मीच रेकॉर्ड!"

त्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या आणि गायल्या. पूर्ण. बाहेर टांगेवाले थांबले. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज जरा फाटला, तसे चाचा सवयीनं पिनांच्या डबीकडे हात नेत म्हणाले, "पिन घासली. बदलून देतो!"

गाणं यादीत गेलं. माझं पुसलं गेलं. मी दोन रविवार दुकानात पाऊल टाकलं नाही.

*

पहिल्या नंबराला हात लावायची मात्र कुणाची मजाल नव्हती. एका नाटक मंडळीतल्या बाईंची ती जुनी रेकॉर्ड. भारदस्त, संथ आवाज. प्रत्येक शब्द पाटावर बसवून वाढल्यासारखा. ती रेकॉर्ड लागली की चाचा घड्याळाचं काम थांबवायचे.

पुढे मी विधानसभेच्या बातम्यांसाठी नागपूरला गेलो. एका हॉटेलात चहा घेतोय तर तेच गाणं लागलं. पण काय त्याची दशा! बाई पळत सुटलेल्या, आवाज चिरका, तबलजीच्या मागे जणू कुत्रं लागलेलं. मी उठून गल्ल्यावर गेलो. "मालक, मशीन पळून राह्यली तुमची!"

"मशीन बरोबर आहे. तुम्ही कुठले?"

"चांद्याचा."

"मग बरोबर!" तो म्हणाला.

आता हा अपमान मी सोडणार? दुसऱ्या हॉटेलात गेलो, तिथंही तेच. तिसऱ्यातही तेच. त्याच दुपारी आमच्या साप्ताहिकाला मजकूर धाडला: 'नागपूरच्या हॉटेलवाल्यांनी संगीताची चालवलेली विटंबना.' तो पहिल्या पानावर छापून आला. अख्खा चांदा खूश!

मजकूर टपालात टाकल्यावर मी एका रेकॉर्डवाल्याच्या दुकानात शिरलो. ही चूक मी आधी करायला हवी होती. त्यानं तबकडीवर खडूची खूण केली आणि म्हणाला, "मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे पाहिजेत. मोजा तुमच्याच घड्याळावर."

मोजले. अठ्ठ्याहत्तर! माझं घड्याळ चाचांनी दुरुस्त केलेलं, सेकंदाची चूक नाही. चाचांच्या घड्याळानंच चाचांच्या बाजाविरुद्ध साक्ष दिली.

*

परत आल्यावर चाचा नमाजाला गेलेले पाहून आम्ही तिघांनी त्यांचा ग्रामोफोन मोजला. एकोणसत्तर.

म्हणजे आम्ही ज्या गाण्यांवर भांडलो, ती जगात कुणीच तशी गायली नव्हती!

मी म्हणालो, "सांगायला पाहिजे. मी जाहीर चूक छापली आहे. खुलासा छापणार."

"काऊन?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"सत्य आहे म्हणून!"

"सत्य गेलं चुलीत. समोर पाहा."

समोर रस्त्यापलीकडे घड्याळांचं नवं दुकान उघडलं होतं. काचेची कपाटं, विजेचा दिवा. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "बुढ्याची नजर गेली आता." कोर्टाचं घड्याळ चाचा लावायचे, शाळेचं चाचा लावायचे. चाचांच्या हातून वेग चुकला हे एकदा छापून आलं असतं, तर दोन्ही घड्याळं रस्ता ओलांडून गेली असती. आणि चाचांना दुसरं काही येत नव्हतं.

मी मोठमोठ्यांच्या धमक्या खाऊन बातम्या छापल्या. आयुष्यात एकच बातमी दाबली. ही!

*

समोरच्यानं रेडिओ आणला आणि बाहेर कर्णा टांगला. एका दुपारी त्यावर नेमकं आमचं पहिल्या नंबराचं गाणं लागलं. धावतं, चिरकं. बाजार थबकला. लोक कर्ण्याकडे पाहू लागले, मग चाचांकडे. नव्या दुकानाचा मालक दारात हाताची घडी घालून उभा.

"काय चाचा," तो ओरडला, "तुमची बाई बरोबर का आमची?"

चाचांनी पूर्ण गाणं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "रेडिओ हाय, भाऊ. इतक्या दुरून येते बिचारी. पळल्याबिगर पोचन कशी?"

बाजार हसला. समोरच्यानं कर्णा आत घेतला.

*

आणि मग त्या बाई स्वतःच आल्या!

मार्कंड्याच्या जत्रेला निघाल्या होत्या, वाटेत पाय सुजला म्हणून दवाखान्यात आल्या. आता साठीच्या पुढच्या. सुभद्राबाईंनी नाव लिहून घेतलं आणि चमकल्या. गुपचूप मलम लावून त्यांना रवाना करायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं. पण दवाखान्यातली गोष्ट चांद्यात कधी लपली आहे? चाचा इस्त्रीची शेरवानी घालून टांगा घेऊन हजर!

मी त्यांना बाजूला घेतलं. "चाचा, बाईंचा पाय दुखतो आहे. कशाला त्रास?"

"पायानं ऐकतात का?" चाचा म्हणाले. "त्या चांद्यात आल्या न् आपलं गाणं ऐकल्याबिगर गेल्या, तर लोक काय म्हणतीन?"

ज्या एका व्यक्तीला ते गाणं कसं गायलं होतं हे पक्कं ठाऊक होतं, तिलाच चाचांनी टांग्यातून आणलं. काय ऐकवणार हे तिला सांगितलं नव्हतं. दुकानासमोर ही गर्दी. समोरचा मालक रस्ता ओलांडून सगळ्यांत पुढे येऊन उभा. सुभद्राबाईंनी माझा दंड इतका दाबला, की वळ उठला.

चाचांनी बाईंना आपल्या खुर्चीत बसवलं. नवी पिन लावली. चावी भरली. रेकॉर्ड लावली.

गाणं सुरू झालं. संथ, भारदस्त. बाईंनी मान वर केली. मग कपाळाला आठी. मग डोळे मिटले. नामदेवराव जमिनीकडे पाहत होते. गाणं संपलं, पिन खरखरत राहिली, तरी बाईंचे डोळे मिटलेलेच.

समोरचा मालक खाकरला. "काय बाई? बरोबर वाजलं का?"

बाईंनी डोळे उघडले.

"गाणं माझंच आहे," त्या म्हणाल्या. "चालही माझी. पण मला रेकॉर्डवाल्यांनी तीन मिनिटांत संपवा म्हणून घाई केली होती. मी धावतच गायले. ही बाई सावकाश गाते. माझ्याहून चांगली गाते. कोण हो ही?"

चाचांनी रेकॉर्ड उचलली. मधल्या नावावर तळहात ठेवून ती पाकिटात सरकवली.

"हाय एक," ते म्हणाले. "आपल्या चांद्याचीच हाय."